शुश्रूषा : श्रवण आणि आज्ञापालन
(कर्करोग-परिचर्येतील चिंता व सहकाऱ्यांचे परस्परसंबंध यांच्या इतिहासाची एक बाजू)

१

'शुश्रूषा' हा शब्द मराठीत सेवा, विशेषतः रुग्णाची सेवा, ह्या अर्थाने रूढ आहे. त्याची घडण मात्र 'श्रु' म्हणजे ऐकणे ह्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेली असून 'ऐकण्याची इच्छा' हा त्याचा मूळ अर्थ होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बुद्धीचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत शुश्रूषेचा उल्लेख प्रथम व श्रवणाचा त्यानंतर येतो. तेथे हा मूळ अर्थ स्पष्टपणे जिवंत आहे. धर्मशास्त्रीय वाङ्मयात मात्र हाच शब्द वरिष्ठाच्या आज्ञेत राहून करावयाच्या सेवेस लावलेला आढळतो. ज्याचे ऐकावयाचे त्याची आज्ञा पाळावयाची, आणि ज्याची आज्ञा पाळावयाची त्याची सेवा करावयाची, अशा क्रमाने अर्थाचा हा प्रवास झालेला आहे. 'तो माझे ऐकत नाही' ह्या रोजच्या मराठी वाक्यातही ऐकणे आणि आज्ञा पाळणे ह्या दोन क्रिया अशाच एकरूप झालेल्या दिसतात.

एकाच शब्दात सामावलेले हे दोन अर्थ रुग्णपरिचर्येच्या प्रत्यक्ष व्यवहारात नेहमीच एकत्र नांदले आहेत असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य रुग्णालयांत परिचारिकेकडून आज्ञापालनाची अपेक्षा कमालीची वाढली होती आणि रुग्णाचे ऐकण्यास तिला फारशी मोकळीक उरली नव्हती. कर्करोगाच्या परिचर्येत ह्या विसंगतीचे परिणाम सर्वांत ठळकपणे प्रकट झाले. ह्या कामातील चिंता म्हणजे व्यक्तीचा दुबळेपणा नसून तिला वाट करून देण्याची किंवा तिची वाट अडविण्याची व्यवस्था कामाच्या रचनेतच असते, आणि ती व्यवस्था सहकाऱ्यांच्या परस्परसंबंधांतून चालते, हे गेल्या सहासात दशकांच्या अभ्यासातून कसे पुढे आले, ह्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १७९२ साली कर्करोग्यांसाठी स्वतंत्र वॉर्ड उघडण्यात आला. बरे वाटेपर्यंत अथवा मृत्यू येईपर्यंत रुग्णास तेथे राहू द्यावे, अशी त्याची मूळ कल्पना होती. बरे होण्याजोगे रुग्ण घ्यावयाचे आणि असाध्य रुग्ण परत पाठवावयाचे, ह्या त्या काळच्या सामान्य प्रघाताहून ही कल्पना वेगळी होती. १८५१ साली विल्यम मार्सडेन ह्यांनी केवळ कर्करोगाकरिता लंडनमध्ये रुग्णालय काढले. तेच पुढे रॉयल मार्सडेन ह्या नावाने प्रसिद्धीस आले. म्हणजे असाध्य रोग्याच्या सहवासात दीर्घकाळ राहणे हे परिचारकांच्या एका वर्गाचे नियत काम बनले, ते आधुनिक परिचर्याशिक्षणाच्या आधीच.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेल प्रशिक्षणशाळा सुरू झाली. परिचर्येस प्रतिष्ठित व्यवसायाचे रूप देण्याचे श्रेय ह्या शाळेकडे जाते. तथापि ही प्रतिष्ठा शिस्तीच्या पायावर उभारलेली होती. मेट्रन, तिच्या हाताखाली वॉर्डाची सिस्टर, तिच्या हाताखाली परिचारिका आणि सर्वांत खाली विद्यार्थिनी अशी अधिकाराची उतरंड निश्चित झाली. 'सिस्टर' हे पद धार्मिक संघांतील भगिनींच्या परंपरेतून आलेले होते. परंतु रुग्णालयात त्याचा अर्थ बहिणीपेक्षा अधिकाऱ्याच्या जवळ जाऊन पोहोचला.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून कर्करोगावर रेडियमचा उपचार होऊ लागला आणि ह्या उतरंडीत आणखी एका गोष्टीची भर पडली. रेडियमच्या नळ्या रुग्णाच्या शरीरात असेपर्यंत त्याच्याजवळ कमीत कमी वेळ थांबावे, शक्य तितके दूर राहावे, मध्ये शिशाचा आडोसा असावा, हे तीन नियम परिचारिकेच्या संरक्षणाकरिता आवश्यकच होते. किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात बसविण्याचे काम परिचारिका दूर असताना करता यावे अशा पद्धती १९६० नंतर प्रचारात येऊ लागल्या, तोवर ह्या नियमांना पर्याय नव्हता. परंतु ज्या रुग्णास सोबतीची सर्वाधिक गरज, त्याच्यापासून लवकर निघून जाणे हे येथे कर्तव्य ठरले. शरीराच्या रक्षणासाठी राखलेले अंतर कोठे संपते आणि मनाच्या रक्षणासाठी राखलेले कोठे सुरू होते, हे अशा वॉर्डात वेगळे करून दाखविणे अवघड होते.

३

मनाच्या रक्षणासाठी राखलेल्या ह्या अंतराचा पहिला सखोल अभ्यास कर्करोगाच्या रुग्णालयात न होता लंडनमधील एका सर्वसाधारण शिक्षण-रुग्णालयात झाला. टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट ऑफ ह्यूमन रिलेशन्स ह्या संस्थेतील इझाबेल मेंझीज ह्यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो केला आणि त्याचा वृत्तान्त १९६० साली 'ह्यूमन रिलेशन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णालयाने त्यांना बोलाविले ते एका व्यावहारिक अडचणीसाठी. विद्यार्थिनींना शिक्षणाकरिता निरनिराळ्या वॉर्डांत पाठवावयाचे, आणि त्याच वेळी वॉर्डांना लागणारे मनुष्यबळही त्यांच्याकडूनच पुरवावयाचे, ह्या दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता. परिचर्याविभागात सुमारे ७०० जणी होत्या. पूर्ण प्रशिक्षित अशा त्यांत १५० च्या आसपास, बाकीच्या सर्व विद्यार्थिनी. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुली शिक्षण अपुरे टाकून निघून जात असत.

मेंझीज ह्यांना आढळले ते असे. परिचारिका प्रत्येक दिवशी यातना, विकृती आणि मृत्यू ह्यांच्या सान्निध्यात असते. तिच्या कामातील कित्येक गोष्टी सामान्य माणसास किळसवाण्या वा भयावह वाटतील अशा असतात. ह्यातून उत्पन्न होणारी चिंता तीव्र असते. रुग्णालयाने ह्या चिंतेचा उच्चार कोठेही केलेला नव्हता. परंतु कामाची सारी रचना जणू तिला टाळण्यासाठीच केलेली होती. एका परिचारिकेने एका रुग्णाचे सर्व काही पाहावे अशी पद्धत नव्हती. तिला कामांची यादी मिळे. तीस रुग्णांचे तापमान घेणे, किंवा सर्वांची अंथरुणे नीट करणे, अशी ती यादी असे. परिणामी ती पुष्कळ रुग्णांपाशी थोडा थोडा वेळ जाई, पण कोणाही एकापाशी रेंगाळत नसे. रुग्णाचा निर्देश नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाच्या नावाने होत असे. सर्व परिचारिकांचा गणवेश एकसारखा असल्यामुळे त्याही एकमेकींच्या जागी सहज बदलता येण्यासारख्या ठरत. निर्णय घेण्याचा भार नको म्हणून प्रत्येक कृती ठरीव विधीप्रमाणे करावयाची, आणि केलेली कृती पुन्हापुन्हा दुसरीकडून तपासून घ्यावयाची.

भाषाभ्यासकास ह्यातील रुग्णांच्या निर्देशाचा तपशील विशेष लक्षणीय वाटेल. व्यक्तीचे नाव टाळून तिचा उल्लेख तिच्या एखाद्या अंशाने करणे हा लक्षणेचा परिचित प्रकार होय. अलंकारशास्त्रात त्याचे प्रयोजन अर्थाची समृद्धी हे असते. येथे त्याचे प्रयोजन अर्थ कमी करणे हे होते. 'दहा नंबरचे यकृत' असा उल्लेख केला म्हणजे त्या खाटेवर कोणाचा पिता वा कोणाची पत्नी पडून आहे, हे बोलणारीस आणि ऐकणारीस क्षणभर आठवावे लागत नाही.

सहकाऱ्यांच्या संबंधांविषयी मेंझीज ह्यांचे निरीक्षण ह्याहून मार्मिक आहे. कनिष्ठ मुली बेजबाबदार आहेत, अशी तक्रार प्रत्येक पातळीवरील परिचारिका करीत असे; आणि वरिष्ठ अकारण कठोर आहेत, अशीही तक्रार प्रत्येक पातळीवर असे. जी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी वरच्यांच्या कठोरपणाने दुखावलेली, तीच पहिल्या वर्षाच्या मुलींना बेजबाबदार ठरवीत असे. मेंझीज ह्यांचे विवेचन असे की, प्रत्येकीच्या मनात काम टाकून पळून जावे ही इच्छाही असते आणि त्या इच्छेबद्दल स्वतःस शिक्षा करणारा कठोर विवेकही असतो. पहिलीची स्थापना ती खालच्या मुलींत करते, दुसऱ्याची वरच्या अधिकाऱ्यांत. अशा रीतीने आंतरिक संघर्ष उतरंडीच्या पायऱ्यांवर वाटला जातो. व्यक्तीस क्षणिक दिलासा मिळतो. परंतु एकमेकींवरील विश्वास नष्ट होतो, आणि ज्या व्यवस्थेने चिंता टाळावयाची तीच नवी चिंता उत्पन्न करू लागते. रुग्णांशी मनापासून वागू इच्छिणाऱ्या मुलीच पुष्कळदा काम सोडून जात, हे त्यांनी आवर्जून नोंदविले आहे.

ह्या सिद्धान्तावर आक्षेप घेता येतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. कामांची यादी ही चिंतेमुळेच जन्मास आली असे कशावरून? अल्प वेतनावर काम करणाऱ्या विद्यार्थिनींच्या बळावर मोठे रुग्णालय चालवावयाचे, तर काम लहान तुकड्यांत विभागणे हा काटकसरीचा सरळ मार्ग होता. हे मान्य करावयास हवे. मेंझीज ह्यांचे विवेचन मनोविश्लेषणाच्या एका विशिष्ट परंपरेतून आलेले असल्याने आर्थिक कारणांना त्यात गौण स्थान मिळाले आहे. परंतु व्यवस्था कोणत्या कारणाने निर्माण झाली हा एक प्रश्न आणि ती कोणत्या कारणाने टिकून राहिली हा दुसरा. काटकसरीने जी विभागणी सुरू केली ती, गैरसोयीची ठरल्यावरही, लोक घट्ट धरून का बसले, ह्याचे उत्तर केवळ हिशोबाच्या वहीत सापडत नाही.

४

कर्करोगाच्या वॉर्डात ह्या सर्वांहून मोठी भिंत होती ती मौनाची. शिकागो येथील डोनाल्ड ओकेन ह्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी, कर्करोगाचे निदान रुग्णास न सांगणे आपण पसंत करतो, असे कळविले होते. डॉक्टर दिवसातून काही मिनिटे रुग्णापाशी येतो. त्याच्या मौनाचा भार उरलेले तास परिचारिकेस वाहावा लागतो. तिला निदान ठाऊक असते, ते सांगण्याचा अधिकार नसतो, आणि प्रश्न मात्र तिलाच विचारले जातात. आज्ञापालन आणि श्रवण ह्या दोहोंचा विरोध येथे टोकास जातो. कारण ऐकावयास बसले म्हणजे प्रश्न येणार, आणि प्रश्न आला म्हणजे आज्ञा मोडणार अथवा खोटे बोलावे लागणार.

कॅलिफोर्नियातील बार्नी ग्लेझर व अॅन्सेल्म स्ट्रॉस ह्या समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरातील रुग्णालयांत ह्याच परिस्थितीचा अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मरणासन्न रुग्णाभोवतीच्या जाणिवेचे त्यांनी चार प्रकार केले. रुग्णास काहीच ठाऊक नाही, हा पहिला. त्यास संशय आला आहे, हा दुसरा. दोन्ही पक्षांस ठाऊक आहे पण दोघेही ठाऊक नसल्याची बतावणी करतात, हा तिसरा. आणि दोघेही मोकळेपणाने बोलतात, हा चौथा. परस्पर बतावणीचा तिसरा प्रकार संभाषणशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत सूक्ष्म आहे. त्यात कोणी नियम सांगत नाही, तरी सर्वजण नियम पाळतात. बोलणे हवापाण्यावर, जेवणावर, उद्याच्या तपासणीवर चालते. एखादा शब्द धोक्याच्या जवळ गेला की परिचारिकेस काहीतरी काम आठवते. ही बतावणी रुग्ण आणि परिचारिका ह्यांच्यातच राहत नाही. वॉर्डातील प्रत्येकाने काय बोलावयाचे ह्याचा मेळ ठेवावा लागत असल्यामुळे सहकारीही एकमेकांवर नजर ठेवू लागतात.

ह्या संशोधकगटातील परिचारिका-सदस्य जीन क्विंट ह्यांचे कार्य प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळचे आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांविषयी त्यांनी १९६३ साली लिहिले; ह्या स्त्रियांस आपल्या रोगाविषयी बोलावयाचे असे, परंतु ऐकून घेणारे कोणी भेटत नसे, हे त्यातून दिसून आले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या परिचारिका व मरणासन्न रुग्ण ह्यांवरील ग्रंथात त्यांनी शिक्षणाची बाजू तपासली. प्राण वाचविण्याची तंत्रे विद्यार्थिनीस कसोशीने शिकविली जात होती; मरणाऱ्याशी बोलावे कसे, हे जवळजवळ कोणीच शिकवीत नव्हते. पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीस तिच्या शिक्षिकेकडून वा वरिष्ठ परिचारिकेकडून आधार मिळेलच असा भरवसा नव्हता. वरिष्ठांनाही त्यांच्या काळी तो मिळालेला नव्हता, आणि मौनाची परंपरा येणेप्रमाणे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात होती.

५

ह्या परंपरेस आव्हान देणाऱ्या सिसिली सॉन्डर्स ह्या स्वतः प्रथम परिचारिका होत्या. सेंट टॉमस रुग्णालयात त्यांचे प्रशिक्षण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाले. पाठीच्या दुखण्यामुळे परिचर्या सोडून त्या रुग्णालयीन समाजसेविका झाल्या, आणि पुढे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९५७ साली डॉक्टर झाल्या. १९५८ पासून त्यांनी हॅकनीच्या सेंट जोसेफ्स ह्या आश्रमात काम केले आणि १९५९ साली मरणासन्नांच्या परिचर्येवर 'नर्सिंग टाइम्स'मध्ये लेखमाला लिहिली. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले.

सॉन्डर्स ह्यांच्या कार्याचे वर्णन सामान्यतः वेदनाशमनाच्या दृष्टीने होते. परिचारिकेच्या संबंधांवर त्याचा जो परिणाम झाला तो तितकाच महत्त्वाचा आहे. पूर्वीच्या पद्धतीत वेदना परत आल्यावर रुग्णाने मागावे आणि मग मॉर्फिन द्यावे, असा क्रम होता. त्यातही व्यसनाच्या भीतीने हात आखडता घेतला जाई. परिणामी रुग्ण याचक आणि परिचारिका कोठाराची राखणदार बनत असे. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठराविक वेळी औषध द्यावयाचे, हा नियम आल्यावर ही याचना थांबली. ज्या वेळेत मागणे आणि नाकारणे चाले त्या वेळेत आता बोलणे होऊ शकत होते. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा सर्व अंगांनी वेदनेकडे पाहावे, ही त्यांची भूमिका रुग्णाच्या कथनावर आधारलेली होती. म्हणजे तीत श्रवणास उपचाराचे स्थान मिळाले.

६

डॉक्टरांचे मतही ह्याच सुमारास पालटले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या, ओकेन ह्यांच्याच धर्तीच्या अमेरिकन पाहणीत ९७ टक्के डॉक्टरांनी निदान सांगणे पसंत केले. सर्व रुग्णांचे काम वाटून घेण्याऐवजी एका परिचारिकेने एका रुग्णाची संपूर्ण जबाबदारी घ्यावी, ही पद्धत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६९ पासून राबविण्यात आली व पुढे इतरत्र पसरली. १९७५ साली अमेरिकेत कर्करोग-परिचारिकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. मौन गेले, यादी गेली. आता चिंताही जाईल अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक होते.

तसे घडले नाही. रासायनिक उपचारांच्या वाढीबरोबर भीतीचे नवे कारणही पुढे आले. पेशीनाशक औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडविणारी द्रव्ये आढळल्याचे फिनलंडमधील संशोधकांनी १९७९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. औषधे बंदिस्त कपाटात मिसळण्याचे व हातमोजांचे नियम त्यानंतर कडक होत गेले. परंतु अधिक व्यापक प्रश्न श्रवणाविषयीचाच होता. आज्ञापालनाच्या व्यवस्थेने परिचारिकेस जे संरक्षण दिले होते, ते काढून घेतले गेले. त्याच्या जागी दुसरे काही दिले गेले की नाही, हे पाहिले गेले नाही.

१९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर ह्यांनी सेवाकार्यातील माणसांच्या थकव्यास 'बर्नआउट' हा शब्द योजला, आणि क्रिस्टिना मॅस्लॅक ह्यांनी १९८१ साली त्याच्या मापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. शब्दाने प्रश्नास वाचा फुटली, हे खरे. तथापि जळून विझण्याची ही प्रतिमा दिव्याकडे पाहावयास लावते. तेल कोणी घालावयाचे होते हा प्रश्न ती मागे टाकते. शब्दाच्या ह्या ओढीमुळे उपायही व्यक्तीपुरते सुचविले गेले : विश्रांती घ्यावी, मन खंबीर करावे, इत्यादी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद रोग म्हणून न करता कामाशी निगडित घटना म्हणून केली आहे. हा दृष्टिकोन मूळ प्रश्नाच्या अधिक जवळ जातो.

कॅनडातील मेरी व्हॅशन ह्यांच्या १९८७ सालच्या ग्रंथाचे महत्त्व ह्या संदर्भात ध्यानात येते. मरणासन्न व गंभीर रुग्णांची सेवा करणाऱ्या सुमारे ६०० जणांच्या मुलाखतींवर तो आधारलेला आहे. अशा सेवकांवरील ताणाचे मुख्य कारण मृत्यूचे सान्निध्य हे असेल, असेच कोणीही गृहीत धरील. प्रत्यक्षात बहुतेक ताण कामाच्या परिसरातून व भूमिकेच्या संदिग्धतेतून आल्याचे लोकांनी सांगितले. सहकाऱ्यांशी विसंवाद, वरिष्ठांशी तुटलेला संपर्क, आपले काम कोणते ह्याविषयी अनिश्चितता, ही कारणे मृत्यूहून पुढे होती.

१९९१ साली सूझी विल्किन्सन ह्यांनी इंग्लंडमध्ये केलेला अभ्यास ह्याच निष्कर्षास दुसऱ्या बाजूने बळकटी देतो. कर्करोगाच्या रुग्णांशी परिचारिका प्रत्यक्ष बोलतात कशा, हे त्यांनी संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासले. रुग्णाने भीतीचा सूर काढताच विषय बदलणे, शारीरिक तक्रारीकडे वळणे, घाईने धीर देणे, असे संभाषण अडविणारे प्रकार पुष्कळ आढळले. निदान सांगण्यास आता मनाई नव्हती. तरीही रुग्णाचे बोलणे अर्ध्यावर तुटत होते. कोणती परिचारिका ऐकते आणि कोणती अडविते, हे ठरविणाऱ्या गोष्टींत वॉर्डप्रमुख सिस्टरने निर्माण केलेले वातावरण ही एक प्रमुख गोष्ट ठरली. मेंझीज ह्यांनी १९६० साली सिस्टर आणि परिचारिका ह्यांच्यामध्ये जी दरी दाखविली होती, तिचा परिणाम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो, ह्याचा हा पुरावा होय.

वॉर्डप्रमुखाच्या ह्या स्थानाची जाणीव त्याआधीही काहींना झाली होती. मँचेस्टर परिसरातील रुग्णालयांचा अभ्यास करून रेजिनल्ड रेव्हन्स ह्यांनी १९६४ साली दाखविले होते की, जेथे सिस्टर व विद्यार्थिनी ह्यांच्यातील संवाद मोकळा असतो, तेथे मुली काम सोडून जाण्याचे प्रमाण कमी असते. इतकेच नव्हे तर रुग्णही लवकर घरी जातात. परंतु ह्या निष्कर्षाचा उपयोग कर्करोग-परिचर्येच्या पुनर्रचनेत फारसा झाला नाही.

७

महाराष्ट्रात ह्या प्रश्नास काही निराळी अंगे आहेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. असाध्य कर्करोग्यांसाठी देशातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना, मुंबईतच १९८६ साली निघाले. निदान रुग्णापासून लपविण्याची विनंती येथे पुष्कळदा डॉक्टरांऐवजी नातेवाइकांकडून येते. म्हणजे परिचारिकेवर मौनाची आज्ञा दोन दिशांनी असते, आणि ज्यांच्याकडून ती येते ते नातेवाईक चोवीस तास खाटेपाशीच असतात. 'कर्करोग' हा शब्द उच्चारला न जाता 'गाठ' किंवा 'मोठे दुखणे' ह्यांवर काम भागविले जाते. परस्पर बतावणीचे मराठी व्याकरण ते हेच.

संबोधनांचीही येथे स्वतंत्र पद्धती आहे. इंग्लंडमध्ये वॉर्डप्रमुखापुरते असलेले 'सिस्टर' हे पद येथे प्रत्येक परिचारिकेस लागू झाले. पुरुष परिचारक 'ब्रदर' झाले. आणि सफाई व उचलधर करणाऱ्या सेवकवर्गास रुग्ण व परिचारिका 'मावशी' आणि 'मामा' म्हणू लागल्या. शासकीय परिभाषेत अधिपरिचारिका, परिसेविका व अधिसेविका अशी पदांची उतरंड आहे. बोलण्यात तिच्या जागी नात्यांची उतरंड येते. ह्या दोन उतरंडी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्यात लाभ व हानी दोन्ही आहेत. नात्याच्या शब्दाने अंतर कमी होते. रुग्ण जे डॉक्टरांस सांगत नाही ते मावशींस सांगतो. परंतु मावशींनी ऐकलेले वॉर्डाच्या नोंदवहीत जात नाही, कारण कागदावर त्या शुश्रूषा करणाऱ्यांत मोडत नाहीत. ऐकणारी एक आणि जिच्या ऐकण्यास अधिकृत महत्त्व आहे ती दुसरी, अशी ही फारकत आहे. मुंबईच्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिकांची संख्या पूर्वीपासून मोठी असल्यामुळे ह्यात भाषेचा प्रश्नही मिसळतो. आपले मरण ज्या बोलीत माणूस बोलू शकतो ती बोली ऐकणारीस येत नसेल, तर तिच्या सद्भावास कितीही मान दिला तरी श्रवण अपुरे राहते.

पाळी बदलताना एकीने दुसरीस रुग्णांची माहिती सोपवावयाची, हा प्रत्येक वॉर्डातील नित्याचा प्रसंग अभ्यासकांनी ह्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. त्या काही मिनिटांत रुग्णाचे नाव येते की खाटेचा क्रमांक, त्याचे बोलणे सांगितले जाते की केवळ त्याची मापे, आणि सांगणारीस स्वतः काय वाटले ह्याला त्यात जागा असते की नाही, ह्यावरून त्या वॉर्डातील संबंधांचे स्वरूप कळू शकते.

८

परिचारिकांचे ऐकण्यासाठी मुद्दाम जागा निर्माण करण्याचे प्रयत्न अलीकडच्या काळात झाले आहेत. बॉस्टनचे विधिज्ञ केनेथ श्वार्ट्झ हे १९९५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. आपली सेवा करणाऱ्यांनी दाखविलेल्या ममतेविषयी त्यांनी मृत्यूपूर्वी लिहिले होते. त्यांच्या नावाने निघालेल्या केंद्राने १९९७ पासून मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात नियमित सभा सुरू केल्या. डॉक्टर, परिचारिका आणि इतर सेवक त्यांत एकत्र बसतात आणि उपचाराची चर्चा बाजूस ठेवून, एखाद्या रुग्णाच्या सेवेत आपणांस काय सोसावे लागले हे बोलतात. २००९ मध्ये ही प्रथा इंग्लंडमध्ये पोहोचली. ह्या सभांनी उतरंड मोडत नाही, मनुष्यबळाची टंचाई दूर होत नाही, आणि वेतनही वाढत नाही. परंतु ह्या लेखात वर्णिलेल्या इतिहासाचा बोध त्यांनी ओळखला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हा बोध थोडक्यात असा. कर्करोगाच्या परिचर्येतील चिंता कोणत्याही रचनेने नाहीशी झालेली नाही. १९६० पूर्वीच्या रुग्णालयाने ती यादीत, क्रमांकात आणि मौनात बंद केली. त्याची किंमत रुग्णाने एकाकीपणाने आणि परिचारिकांनी परस्पर अविश्वासाने दिली. त्यानंतरच्या सुधारणांनी परिचारिकेस रुग्णाचे ऐकण्यास सांगितले. परंतु तेही पुष्कळदा एक आज्ञा म्हणूनच सांगितले, आणि तिचे स्वतःचे कोणी ऐकावे ह्याची तरतूद केली नाही. व्हॅशन व विल्किन्सन ह्यांचे निष्कर्ष एकत्र वाचले असता हे स्पष्ट होते की, रुग्णाचे ऐकण्याची शक्ती परिचारिकेच्या स्वभावावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती तिच्या वरिष्ठांच्या व सहकाऱ्यांच्या ऐकण्यावर अवलंबून असते. 'शुश्रूषा' शब्दातील श्रवणाचा अर्थ पुन्हा व्यवहारात आणावयाचा असेल, तर त्याची सुरुवात खाटेपाशी करून भागणार नाही. ती पाळी बदलण्याच्या टेबलापाशी, परिसेविका आणि परिचारिका ह्यांच्या बोलण्यापासून करावी लागेल, आणि त्या बोलण्यात मावशींनाही जागा द्यावी लागेल.